मार्लिसच्या मापाचं पॅराशूट

बुधवारी सकाळी डेल्मर ह्रुस्कानं एक मळकं बोचकं आणून माझ्या टेबलावर आपटलं आणि मी ओरडलेच.

"अरे, हे टेबल आहे की तुझा डुकरांचा गोठा? उचल आधी ते!"

त्या टेबलावर मी पॅराशूटच्या घड्या घालते. माझी स्वतःची कॉफीसुद्धा मी तिथे टेकवत नाही. आणि हा बाबा गवताच्या काड्या लागलेलं गाठोडं घेऊन उभा.

"लिलाववाला ताडपत्री म्हणाला," डेल्मर म्हणाला. "मी काही त्याची चूक दाखवत बसलो नाही."

गाठ सोडली तर आतून जांभळं कापड सळसळत बाहेर आलं, आणि त्याच्या मागोमाग मोहरीसारखं पिवळं. पॅराशूट होतं ते. चांगलं, घट्ट शिवणीचं, दोऱ्यांसकट.

"मार्लिससाठी," असं म्हणून डेल्मरनं डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. तो फार आनंदात असला की एवढंच करतो.

मार्लिस त्याची बायको. आमच्या क्लाटोव गावची सगळी पोरं तिनं शाळेच्या बसमधून नेली-आणली. आता निवृत्त आहे, चौसष्ट वर्षांची आहे, आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या या मक्याच्या शेतांमधल्या छोट्या विमानतळावर दर शनिवारी विमानातून उडी मारायची. मग एका उडीत जमीन जरा लवकरच आली. घोटा मोडला, आत पट्टी आणि स्क्रू बसले. तिचं ते पॅराशूट तिच्या मानानं लहान होतं, भरधाव जायचं. तिनं ते रागानं विकून टाकलं. तेव्हापासून दोन उन्हाळे ती हँगरसमोरच्या बाकावर बसून होती आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचे वाभाडे काढत होती. "पाय कशाला दिलेत देवानं? ढुंगणावर काय उतरतोस?" लोक तिला घाबरून मुद्दाम लांब उतरायला लागले होते.

गावात सगळ्यांना वाटायचं, डेल्मरला आता हायसं वाटत असेल, बायको जमिनीवर आली. मलाही तेच वाटायचं. म्हणून ते बोचकं बघून मी जरा गोंधळले.

"तुला ती परत उडी मारायला हवी आहे?"

"घरी आता ती नुसती जिन्यावरून खेकसते गं," डेल्मर म्हणाला. "उडी मारायची तेव्हा ती गाणी म्हणायची."

मी रोबर्टा कोसिक. सगळे बर्टी म्हणतात. पॅराशूट दुरुस्त करायचा आणि राखीव पॅराशूटच्या घड्या घालायचा सरकारी परवाना माझ्या भिंतीवर टांगलेला आहे. माझ्या तोंडाला लगाम नाही असं लोक म्हणतात. म्हणू देत. माझ्या हातची घडी डोक्यावर उघडली की तेच लोक मला वरून फ्लाइंग किस देतात.

तर त्या पॅराशूटची गोष्ट. आमची पॅराशूटं लांबट पंखासारखी असतात, हवेनं फुगणाऱ्या कप्प्यांची. पॅराशूटच्या मधल्या कप्प्याला, शेपटीला म्हणजे मागच्या कडेला एक पांढरी पट्टी शिवलेली असते. त्यावर कंपनी, साल आणि आकार छापलेला असतो, किती चौरस फूट ते. या पट्टीवर ऊन-पावसानं एक अक्षर ठेवलं नव्हतं. आणि आकार कळल्याशिवाय सगळंच अडलं होतं, कारण शनिवार तोंडावर आला होता.

शनिवारी राज्यभरातल्या साठीच्या वरच्या बायका आमच्याकडे येणार होत्या. विमानातून बाहेर पडायचं, हवेत एकमेकींचे हात धरायचे, गोल करायचा. आठ जणींचा. आमच्या आयोवा राज्यात आठ जणींचा गोल कधी झालेला नव्हता. सात तयार होत्या, त्यातली एक मी. आणि सातचा गोल शेजारच्या नेब्रास्कावाल्यांनी गेल्या वर्षीच केला होता, वर त्या बायांनी आम्हाला फोटो पाठवला होता, चौकटीत घालून! तो मी बाथरूममध्ये लावला आहे. आठवी जागा मार्लिसचीच होती. भाड्याची मोठी पॅराशूटं शनिवारी शिकाऊ पोरांना लागणार होती. मार्लिस मला आधीच म्हणाली होती, "बर्टी, या उन्हाळ्यात जमलं नाही तर मी हेल्मेट चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात देऊन टाकणार. बाकावर म्हातारी व्हायचं मला जमत नाही."

ती बोलते तसं करते.

तासाभरात बातमी फुटली आणि अख्खा हँगर माझ्याकडे लोटला. मार्लिस आली ती कोलाच्यांचं, म्हणजे मधोमध सारण भरलेल्या गोड पावांचं ताट घेऊन, निम्मे जर्दाळूचे, निम्मे खसखशीचे. ते जांभळं-पिवळं कापड पाहून ती जागीच थबकली.

"हे तू घेतलंस?" तिनं डेल्मरला विचारलं.

"हो."

"तू? पॅराशूट?"

"हो."

"पहिल्यांदा!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आमच्याकडे कुणीही काहीही पहिल्यांदा केलं की त्यानं बिअरचं एक खोकं आणायचं. पहिली उडी, पहिली चूक, पहिला दात पडला तरी. यातून आजवर कुणी सुटलेलं नाही. डेल्मरनं टोपी काढली, पुन्हा घातली आणि निमूटपणे खोकं आणायला गेला.

"रंग बघितलास का?" मार्लिस माझ्या कानात म्हणाली. "अगदी आमच्या बसच्या शाळेचे रंग गं." तिचे डोळे भरून आले होते, पण लगेच तिनं गेलनकडे पाहून आवाज चढवला, "काय बघतोस? मोजायला घे!"

गेलन आमचा सुरक्षाप्रमुख. चाळिशीचा, उंचापुरा, विमानात कुणी पट्टा बांधला नाही तर विमान फिरवायला लावणारा. पण लहानपणी तो मार्लिसच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसून दंगा करायचा, आणि तिनं त्याला एकदा भर पावसात पुढे आणून बसवलं होतं. अजून तो तिला मिसेस ह्रुस्का आणि तुम्ही म्हणतो.

"मोजू या," तो म्हणाला. "पण माझा नियम ठाऊक आहे ना? घोट्यात पट्टी आहे तुमच्या. सगळ्या सामानासकट तुमचं वजन जितके पौंड, त्यापेक्षा पॅराशूटचे चौरस फूट जास्त हवेत. नाहीतर नाही."

"हो रे बाबा. तू शाळेत हजेरीला एवढा काटेकोर असतास तर!"

पॅराशूट आम्ही हँगरच्या जमिनीवर पसरलं. कापड इतकं गुळगुळीत की एका कोपऱ्याला धरलं की दुसरा हातातून सटकायचा. चौघं चार बाजूंना पालथे पडले. आधी मी कापडाचा एक तुकडा तोंडाला घट्ट लावून श्वास ओढला. कापड झिजलेलं असेल तर त्यातून हवा येते, आणि तसलं पॅराशूट उतरताना ऐन वेळी दगा देतं. हवा तसूभर आली नाही. मग प्रत्येकालाच ओढून बघायचं होतं. दहा माणसं रांगेनं कापड चोखत बसलेली, तेवढ्यात आमचं मक्याचं शेत कसणारा शेजारी दारातून डोकावला आणि काही न विचारता परत गेला.

कप्पे मोजले, नऊ भरले. मध्ये रुंद, टोकांना जरासं निमुळतं. म्हणजे हे शहाणं जनावर होतं, दूरवर सपाट तरंगत जाणारं, वळायला सावकाश. दोऱ्या नीट होत्या. माझा जीव निम्मा भांड्यात पडला.

आणि मग आकारावरून आमची जुंपली.

गेलननं टेप खालच्या कापडावरून लावला. मी वरच्या कापडावरून लावला. वरचं कापड फुगलेलं, बाकदार, त्यामुळे ते जास्त भरतं. काही कंपन्या खालून मोजतात, काही वरून, आणि ही कुठली ते त्या कोऱ्या पट्टीलाच ठाऊक. त्याच्या हिशोबानं भरलं दोनशे, माझ्या हिशोबानं दोनशे चौदा.

"दोनशे," गेलन म्हणाला.

"मी हे काम करायला लागले तेव्हा तू दुधाच्या बाटलीवर होतास! दोनशे चौदा."

"बर्टी, कमी धरलेलं बरं."

"मग माझंही वय कमी धर की!"

"भांडू नका रे," मार्लिस मध्ये पडली. "दोनशे धरा. मला दोनशेही पुरतं."

गेलननं डोकं खाजवलं. "मिसेस ह्रुस्का… वजन?"

मार्लिसनं हनुवटी वर केली.

"एकशे बासष्ट."

मी मूग गिळून बसले. मला कुणी शंभर शिव्या द्याव्यात, पण त्या क्षणी मी गप्प बसले हे माझं आजवरचं सगळ्यात मोठं कर्तृत्व आहे. मार्लिस एकशे बासष्ट! तिच्या उडीच्या परवान्यावर तेच आहे, ड्रायव्हिंग लायसन्सवर तेच आहे, आणि दोन्ही परवाने निघाले तेव्हा आमच्या गावात एकच सिग्नल होता. पण बाईच्या तोंडावर कोण बोलणार?

गेलननं मनात बेरीज केली. "सामान सव्वीस. एकशे अठ्ठ्याऐंशी. दोनशेच्या आत आहे." त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की त्यालाही शंका आहे. पण तोही तिच्या बसमधलाच मुलगा, तोही गप्प. "पण अनोळखी पॅराशूट आहे. आधी दुसऱ्या कुणीतरी तुमच्याइतकं वजन घेऊन उतरून दाखवायचं. मग तुम्ही."

"मी दाखवते," मी म्हटलं. "मी एकशे बावन्न आहे, आणि हे मी काट्यावर उभं राहून सांगते आहे." हे बोललेच शेवटी. मार्लिसनं मला डोळ्यांनी भाजलं.

माझ्याकडे एक शिशाचं जाकीट आहे. बारीक बायकांना हवेत इतरांच्या वेगानं पडता यावं म्हणून ते घालतात. त्यात दोन-दोन पौंडांच्या शिशाच्या पिशव्या सरकवायच्या. दहा पौंडांचा फरक, म्हणजे पाच पिशव्या. तसं ठरलं.

गुरुवारी हवा झकास होती. आकाश निळं, वारा मंद, मक्याचा हिरवा वास. मी मार्लिसची पाठीवरची बॅग घेतली, त्यात ते जांभळं-पिवळं पॅराशूट कोंबलं, आणि माझ्या खोलीत जाकिटात पाच पिशव्या भरत होते. दार ढकलून डेल्मर आत आला आणि त्यानं दार मागे लावून घेतलं.

डेल्मर कोण ते नीट सांगितलं पाहिजे. जिल्ह्याच्या जत्रेत डुकराचं वजन नजरेनं ओळखायची स्पर्धा असते. आधी डेल्मर दरवर्षी बक्षिसाचं हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी जिंकायचा. आता त्याला स्पर्धेत घेत नाहीत, परीक्षक करतात. काटा बिघडला तर लोक त्याला बोलावतात. पण त्याच जत्रेत माणसांचं वजन सांगणारा एक तंबू असतो, आणि त्याच्यासमोर आला की डेल्मर टोपी डोळ्यांवर ओढतो, मार्लिसचा दंड धरतो आणि लगबगीनं पुढे निघतो. आम्ही नेहमी हसायचो, की हा माणूस लाजतो कशाला.

"बर्टी," तो म्हणाला, "तेरा भर."

"तेरा काय?"

"पिशव्या."

मी मनात हिशोब केला. तेरा दुणे सव्वीस. एकशे बावन्न आणि सव्वीस. एकशे अठ्ठ्याहत्तर.

"डेल्मर…"

"तिला बोलू नकोस," तो म्हणाला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "पण तेरा भर."

आणि निघून गेला. मी तेरा भरल्या. जाकिटाची चेन लावताना घाम फुटला.

विमानातून उडी मारली, पॅराशूट उघडलं, आणि काय सांगू, आजवर इतक्या अलगद काहीच उघडलं नव्हतं माझ्या डोक्यावर! खाली क्लाटोवच्या चर्चचं टोक, नदी, मक्याची चौकटी-चौकटी शेतं. पॅराशूट सरळ चाललं होतं, वळवलं की विचार करून वळत होतं. मी वर आनंदानं ओरडत होते. शेपूट जरा खाली ओढल्यासारखी दिसली खरी, पण माझं लक्ष होतं रंगांकडे. मग जमीन आली. मी वेग तोडायला ब्रेकच्या मुठी खाली ओढल्या, आणि पॅराशूट अर्ध्यातच थांबलं, मागे झुकलं, आणि मला धप्पकन सोडून दिलं. मी दोन्ही पायांवर टेकले, मग गुडघ्यांवर, मग जिथे टेकू नये तिथे.

कुणी हसलं नाही. मी उठून पाहिलं तर मार्लिस बाकावरून उठून उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिचा हात आपोआप घोट्याकडे गेला होता.

"नाही जमायचं," ती म्हणाली. एवढंच. आरडाओरडा नाही, टोमणा नाही. तेच मला सहन झालं नाही. ती वळली आणि गाडीकडे चालायला लागली. डेल्मर तिच्या मागे धावला नाही. तो माझ्याकडे बघत उभा राहिला.

"थांब गं बाई!" मी ओरडले. "थांब! चूक पॅराशूटची नाही, माझ्या डोळ्यांची आहे!"

कारण तेवढ्यात माझ्या टाळक्यात प्रकाश पडला होता. ती ओढलेली शेपूट! उघडताना घासून घासून दोऱ्या तापतात आणि तापून आखडतात. शेपूट खाली ओढणाऱ्या ब्रेकच्या दोऱ्या सगळ्यात जास्त. त्या इतक्या आखूड झाल्या होत्या की हात वर असतानाही ब्रेक थोडे लागलेलेच होते. गाडी हँडब्रेक लावून चालवल्यासारखं. मग ऐन वेळी ओढायला काही शिल्लकच राहत नव्हतं. पाच पिशव्या असत्या तर मी जेमतेम निभावून नेलं असतं, छान आहे म्हटलं असतं, आणि मार्लिस… मी डेल्मरकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

मी हँगरच्या सावलीत मांडी घातली, ब्रेकच्या दोऱ्यांच्या गाठी सोडल्या, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सैल दिली आणि पुन्हा बांधल्या. गेलननं स्वतः पट्टी लावून दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते बघितलं. मार्लिस गाडीचं दार उघडून, एक पाय आत एक पाय बाहेर ठेवून बसली होती. ना आली, ना गेली.

दुसऱ्यांदा वर गेले. पॅराशूट उघडलं आणि या वेळी शेपूट मोकळी होती. ते जोरात धावत होतं, खुशीत होतं. जमीन आली. मी मुठी ओढल्या, सावकाश, सावकाश, छातीपर्यंत, कमरेपर्यंत. पॅराशूट गवताच्या वर सपाट झालं, पुढे तरंगलं, थांबलं, आणि मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून उतरावं तशी उतरले. एक पाऊल चालले. बस.

असा गलका झाला म्हणून सांगू! लोक टोप्या उडवत होते. मार्लिस आता धावतच येत होती, त्या पट्टी बसवलेल्या घोट्यानं, रडत आणि हसत.

"बर्टी! अगं बर्टी! अंडं फुटलं नसतं तुझ्या पायाखाली!"

तिनं मला मिठी मारली, मग माझ्या अंगावरून पट्टे उतरवायला लागली. "काढ हे जाकीट, दमली असशील." तिनं चेन उघडली, जाकीट दोन्ही हातांत घेतलं, आणि तिचे हात खाली गेले.

ती थांबली. जाकीट वर-खाली करून पाहिलं. मग गवतात बसली आणि एकेक पिशवी बाहेर काढून ओळीत मांडायला लागली. पाच. सहा. सात. गलका हळूहळू थांबला. तेरावी पिशवी तिनं ठेवली तेव्हा लांबवर मक्यात टिटवी ओरडलेली ऐकू आली.

"पाच ठरल्या होत्या," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

"मग तेरा तुला कुणी सांगितल्या?"

मार्लिसनं सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, बसच्या आरशातून बघायची तसं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. फक्त डेल्मरनं टोपी काढली होती आणि पुन्हा घातली नव्हती.

"डेल्मर?"

"हं."

"तुला माझं वजन ठाऊक आहे?"

"कधीचं?" डेल्मरनं विचारलं.

"कधीचं म्हणजे?"

"लग्नाच्या दिवशीचं, आपली वॅलरी जन्माला आली तेव्हाचं, की आजचं?"

कुणीतरी खोकून हसू दाबलं. मार्लिस उभी राहिली. "म्हणजे तू सगळी वर्षं… रोज… नुसतं बघून?"

"मी मुद्दाम नाही बघत गं. ते दिसतंच."

"आणि एकदाही बोलला नाहीस!"

"तू कुठे विचारलंस?"

"जत्रेत त्या तंबूवरून मला ओढत नेतोस ते…"

"तो माणूस अडाणी आहे," डेल्मर म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजाला धार आली. "तो तुझं काहीतरी भलतंच सांगेल, आणि मग मला राहवणार नाही."

मला वाटलं, आता ती तेराच्या तेरा पिशव्या एकेक करून त्याच्या डोक्यात घालणार.

"मग आजच का बोललास?"

डेल्मरनं टोपी हातात चुरगळली. "आज तुझा घोटा होता, मार्लिस," तो म्हणाला.

मी रडले. सांगून टाकते, मी तिथेच ढसाढसा रडले आणि गेलननं मला त्याचा घाणेरडा रुमाल दिला.

मार्लिसनं माझ्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली, जांभळ्या-पिवळ्या कापडासकट सगळं स्वतःच्या अंगावर लादलं, हेल्मेट मागून घेतलं, डोक्यावर चढवलं आणि ताडताड हँगरमध्ये गेली. तिथे एक काटा आहे. शिक्षकाला बांधून उडी मारायला जे पाहुणे येतात त्यांचं वजन करायला ठेवलेला. ती त्यावर चढली. आम्ही सगळे दारात दाटीवाटीनं उभे.

"दोनशे चार!" तिनं बसमधल्या आवाजात वाचलं. "ऐकलं का सगळ्यांनी? दोनशे चार! सामान सव्वीस, बाकीची मी!"

मग मागून आवाज आला, "पहिल्यांदा!"

"पहिल्यांदा! पहिल्यांदा!" सगळे ओरडायला लागले. मार्लिस काट्यावर उभी राहून इतकी हसली की काट्याचा आकडा नाचायला लागला. "देते रे, देते! दोन खोकी देते!"

गेलन मात्र कपाळाला आठ्या घालून उभा होता. "मिसेस ह्रुस्का, माझ्या टेपनं दोनशे आहे. तुम्ही चार जास्त आहात."

"आणि माझ्या टेपनं दोनशे चौदा!" मी म्हटलं. "तुझे डोळे कुठे होते मघाशी? हेच वजन घेऊन मी उतरले ना? तुझ्या समोर?"

त्यानं काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर गवतात मांडलेल्या पिशव्यांकडे पाहिलं. "मी ते उतरणं हिशोबात धरतच नव्हतो," तो हळूच म्हणाला. "मला पण वाटलं होतं की पाच कमी आहेत. बोलायला हवं होतं मी." मग त्यानं घसा साफ केला. "दोनशे चौदा. उद्या सकाळी माझ्याबरोबर सरावाची उडी. आणि मिसेस ह्रुस्का, पट्टा नीट बांधायचा."

"हो सर," मार्लिस म्हणाली. गेलन लाजून लाल झाला.

शुक्रवारी सरावाची उडी झाली. त्या दिवशी ती गुडघ्यांवर उतरली, पण हळू. डेल्मरशी ती दिवसभर बोलली नाही. पण संध्याकाळी तो हँगरजवळ कणसं भाजत होता तेव्हा तिनं त्याच्याच कणसाचा घास घेतला, न विचारता. म्हणजे राग संपला होता, फक्त तसं सांगायचं बाकी होतं.

शनिवारी आम्ही आठ जणी विमानात बसलो. सगळ्यांची मिळून वयं बेरजेत घेतली तर अमेरिकेपेक्षा आम्ही थोरल्या निघालो असतो. दार उघडलं. मार्लिसनं माझ्याकडे पाहिलं आणि गायला लागली. काय गात होती ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण तोंड हलत होतं. आम्ही बाहेर पडलो. एक हात मिळाला, दुसरा मिळाला, वारा गालांत शिरून सगळ्या जणींचे चेहरे कुत्र्याच्या पिल्लांसारखे झाले होते, आणि शेवटी समोरून मार्लिस येताना दिसली, हात पसरलेले, डोळे चमकत होते. तिनं माझं मनगट पकडलं. गोल पूर्ण झाला. आठ! मी तर नेब्रास्काच्या दिशेनं जीभ बाहेर काढली, ते फोटोत आलं आहे.

मग सुटलो, पांगलो, पॅराशूटं उघडली. मी आधी उतरले आणि वळून बघत राहिले. डेल्मर उतरायच्या मैदानाच्या कडेला नेहमीच्या जागी उभा होता, मान वर करून. आधी दरवेळी तिथेच उभा असायचा, ती उतरली की तिचं पॅराशूट गोळा करून खांद्यावर टाकायला. दोन वर्षांनी त्याला तिथे पुन्हा काम होतं.

जांभळं-पिवळं पॅराशूट वळलं, विचार करून वळलं, आणि सरळ त्याच्या रोखानं आलं. मार्लिसनं मुठी ओढल्या. पॅराशूट गवतावर तरंगलं. ती उतरली. दोन्ही पायांवर. दोन पावलं चालली आणि डेल्मरच्या पुढ्यात थांबली.

आम्ही सगळे धावत गेलो. डेल्मरनं कापड गोळा केलं, दोऱ्या हातावर गुंडाळल्या आणि सगळं खांद्यावर घेतलं. मार्लिसनं हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटले होते आणि चेहरा इतका आनंदी होता की बघवत नव्हतं.

"डेल्मर," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आता मी विचारते आहे. नीट बघून सांग. माझं वजन किती?"

डेल्मरनं तिला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. एकदा, दोनदा. जत्रेत उभा असायचा तसा गंभीर चेहरा केला.

"एकशे बासष्ट," तो म्हणाला.

मला एक क्षण कळलंच नाही. मग गेलन माझ्या शेजारी बसच्या मागच्या सीटवरच्या पोरासारखा ओरडला, "डेल्मर चुकला! पहिल्यांदा!"

आणि सगळं मैदान ओरडायला लागलं. डेल्मरनं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मार्लिसचा हात धरून बिअर आणायला निघाला.